जिभेखालची गोळी

लग्न होऊन आल्यापासून भागाबाई आपल्या जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, झुलाल आबांशी, एक शब्द बोलली नव्हती. भांडण होतं म्हणून नाही बरं का. रीतच तशी. एरंडोलपासून चार कोसांवरचं ते गाव. तिथं पाटलांच्या घरातली धाकटी सून जेठासमोर आली की पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, पाठ फिरवायची आणि काही सांगायचंच असेल तर ते भिंतीला सांगायचं. "म्हना, चहा व्हई गया." की आबांनी पण भिंतीकडे बघूनच म्हणायचं, "म्हना, येस," म्हणजे येतो. दोघं जिवंत, दोघांना कान, आणि मध्ये बिचारी भिंत! जेठाची सावली अंगावर पडू द्यायची नाही, मग हात लागणं तर दूरच राहिलं. लागलाच चुकून, तर डोक्यावरून अंघोळ. आता म्हणाल, हे कसलं खूळ? खूळ असेल, पण ते पाळता पाळता भागाबाईचे केस पिकायला आले होते आणि आबांचे पिकून झाले होते.

रुपचंद तिचा नवरा, आबांचा धाकटा भाऊ. पन्नाशी ओलांडलेला, अंगानं दणकट, तोंडानं फटकळ आणि मनानं अगदी भाबडा. दोघा भावांची घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. मध्ये सामाईक अंगण, अंगणात लिंबाचं झाड. आबांना काही वर्षांपूर्वी छातीचा झटका येऊन गेला होता. तेव्हापासून ते बंडीच्या खिशात एक पितळी डबी ठेवायचे, तिच्यात जिभेखाली धरायच्या बारक्या गोळ्या. छातीत कळ आली की एक जिभेखाली. गावात त्या डबीचा भारी दबदबा. कुणाला ढेकर अडकला, कुणाच्या बरगडीत चमक आली, की आबा डबी काढणार. "हाई ले, माले लागू पडनी, तुले बी पडी." एकाचं औषध दुसऱ्याला देणं म्हणजे गावात मायेची परमावधी. डॉक्टरनं लिहून दिलेली गोळी माणूस एकटा कशी खाईल हो? वाटून खाल्ली नाही तर भाऊबंदकी कशाला म्हणायची!

तर भागाबाईची गोष्ट. तिची पिशवी काढली होती जळगावला. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडे महिने जपा, मग काही अडचण नाही. थोडे महिने गेले, बरेच महिने गेले. रुपचंदची खाट मात्र अंगणात लिंबाखाली जी गेली ती तिथंच. पावसाळ्यात ओट्यावर यायची, पावसाळा सरला की पुन्हा लिंबाखाली. घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगा भिकन सुरतेला, मुली आपापल्या घरी. एवढं मोकळं घर, आणि नवरा अंगणात.

भागाबाईनं मनाशी हिशेब मांडून टाकला. आपण आता याच्या लेखी बाई राहिलो नाही. आतून पोकळ झालेल्या बाईकडे कोण कशाला बघेल? ती कुणाजवळ बोलली नाही. पण तिची भांडी बोलायला लागली. तवा आपटायचा, तांब्या आपटायचा, पाटा-वरवंटा असा वाजवायचा की चटणीतल्या मिरच्यांनाही भीती वाटावी. रुपचंद मुकाट जेवायचा आणि हात धुऊन अंगणात जायचा.

एक दिवस तिचा बांध फुटलाच. कपाशीत निंदणी चालली होती, दुसरं कुणी जवळ नव्हतं. तिनं विळा खाली टाकला आणि सरळ विचारलं, "भिकनना बाप, खरं सांगा. मी तुम्हले आते आवडस नई ना?"

 रुपचंद बांधावर मटकन बसला. हा दणकट गडी, नांगराला जुंपला तर बैलाला सुटी देईल असा, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी.

"तुन्ही काय चूक नई शे," तो म्हणाला. "मन्हं शरीरच मन्हं ऐकस नई. शुगर व्हयनी तैपासून. तुन्हाजवळ येवाले लाज वाटस माले."

आता खरं सांगायचं तर भागाबाईला त्या क्षणी काय वाटलं? आनंद! नवऱ्याचं दुःख ऐकून आनंद व्हावा, हे तिलाच लाजिरवाणं वाटलं, पण झाला त्याला काय करणार. एवढे दिवस ती स्वतःला कचऱ्यात काढून बसली होती आणि हा येडा अंगणात खाटेवर स्वतःला कचऱ्यात काढून पडला होता. ती त्याच्या शेजारी बसली.

"माले पैलेच सांगाले काय व्हतं?"

"काय सांगू? माणूसनी सांगानी गोष्ट शे का ती?"

"मंग कोनले सांगतात, त्या तंबूवालाले?"

रुपचंद चपापला. धुळ्याच्या स्टँडजवळ तंबू ठोकून बसलेल्या एका खानदानी म्हणवणाऱ्या वैद्याकडून त्यानं चूर्ण आणलं होतं, हे तिला माहीत होतं. पुडी बाजरीच्या कोठीमागे सापडली होती. चूर्णानं बाकी काही झालं नाही, पोट मात्र आठवडाभर बिघडलं. तिला तेव्हा वाटलं होतं, दुसऱ्या कुणासाठी घेतोय. आता तिनं ते सांगून टाकलं आणि दोघं बांधावर बसून हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

पुढच्या उन्हाळ्यात मोतीलाल गुरुजी अमेरिकेहून आले. रुपचंदचे शाळासोबती, जळगावात राहायचे, मुलगा तिकडे इंजिनीअर. नव्व्याण्णव साल होतं, आणि गुरुजींनी तिकडच्या डॉक्टरकडून एक नवीनच निघालेली निळी गोळी आणली होती. इकडे अजून ती दुकानात यायची होती. चोरून येत होती म्हणे मुंबईत, खरी किती आणि खडूची किती देव जाणे. गुरुजींनी रुपचंदला चार गोळ्या काढून दिल्या. पण गुरुजी म्हणजे गुरुजी, बजावल्याशिवाय सोडतील कसे! "डॉक्टरला दाखवल्याशिवाय तोंडात टाकशील तर तुझी माझी दोस्ती संपली."

म्हणून नवरा-बायको दोघं जळगावला रुपचंदच्या शुगरच्या डॉक्टरकडे गेली. डॉ. चौधरी म्हणजे टक्कल पडलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. रुपचंदनं भागाबाईला बाहेर बाकावर बसवलं आणि एकटा आत गेला. दोन मिनिटांत कंपाउंडर बाहेर आला, "बाई, तुम्हाला आत बोलावलंय."

"यांना बाहेर कशाला बसवलं?" डॉक्टर रुपचंदला म्हणत होते. "औषध काय तुम्ही एकट्यासाठी घेताय?"

भागाबाईनं पदर ओढला आणि खाली मान घालून बसली. पण कान टवकारलेले.

डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, बीपी पाहिलं, शुगर पाहिली. छातीत कधी दुखतं का, जिना चढताना दम लागतो का, जिभेखाली धरायची गोळी घेता का, खोदून खोदून विचारलं. सगळ्याला नाही म्हटल्यावर त्यांनी ती गोळी हातात घेऊन पाहिली.

"मी हे लिहून देऊ शकत नाही, आपल्याकडे अजून परवानगी नाही. पण तुम्ही घेणार हे मला दिसतंय, तेव्हा निदान नीट घ्या. शुगरनं आतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात. रक्त पोचायला हवं तितकं पोचत नाही. ही गोळी त्या वाहिन्या सैल करते, बस्. शेतकरी माणूस आहात, पाटातला गाळ काढल्यासारखं समजा. गाळ निघाला म्हणजे पाणी येईलच असं नाही. पाणी तुम्ही सोडायचं. गोळी खाल्ली आणि भिंतीकडे तोंड करून पडलात, तर काही व्हायचं नाही. मनात ओढ पाहिजे, माया पाहिजे. ती गोळीत नाही."

भागाबाईला घाम फुटला. डॉक्टरसाहेब पंखाच लावा म्हणावं असं झालं. पण ऐकत राहिली.

"अर्धीच घ्यायची. तासभर आधी. वर तुपातेलाचं जड जेवण नको, मग ती लागायला उशीर करते. दारू नको. दिवसात एकदाच. तोंड लाल होईल, डोकं दुखेल, नाक चोंदेल, घाबरू नका. पण अंग ताठलेलं तासन् तास तसंच राहिलं, किंवा डोळ्यांना एकदम दिसेनासं झालं, तर ताबडतोब दवाखाना. आणि आता नीट ऐका, दोघांनीही." डॉक्टर पुढे वाकले. "छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली धरतात ती गोळी हिच्याबरोबर कधीच नाही. दोन्ही गोळ्या वाहिन्या सैल करतात. एकत्र झाल्या तर बीपी असं कोसळतं की माणूस उठतच नाही. ही खाल्ल्यावर छातीत दुखलं, चक्कर आली, आणि कुणी प्रेमानं ती गोळी पुढे केली, तर नको म्हणायचं. ज्या डॉक्टरसमोर जाल त्याला पहिल्यांदा सांगायचं, मी हे खाल्लंय. लाजेपायी गप्प बसाल तर जिवाला मुकाल."

भागाबाईनं ते सगळं मनात गाठ मारून ठेवलं. रुपचंदनं किती ठेवलं ते लवकरच दिसलं. पहिली अर्धी गोळी त्यानं अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी खाल्ली. लेकी माहेरी आलेल्या, मांडे, आमरस, वर वाटीभर तूप. ताकदीची गोळी ताकदीच्या जेवणावर घ्यावी, असं त्याच्या पाटीलकी डोक्यात आलं. भरल्या पोटी गोळी खाऊन मधल्या खोलीत जाऊन पडला तो खरंच भिंतीकडे तोंड करून! आता होईल, मग होईल. भागाबाई काम आवरून आत आली तेव्हा हा आमरसाच्या गुंगीत घोरत होता.

"उठा, तुम्हना पाट कोरडा शे," तिनं त्याच्या कानात म्हटलं आणि पदर तोंडाशी धरून इतकी हसली की बाहेरून लेकीनं विचारलं, "काय व्हयनं माय?"

लेकी सासरी गेल्या. घर पुन्हा मोकळं झालं. मे महिन्याची दुपार, ऊन असं की गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडेना. खान्देशातल्या उन्हाळ्याची दुपार कुणाचीच नसते; सगळी दारं लोटलेली, सगळी गावं झोपलेली. त्या दुपारी दोघांनी भाकरी आणि ताक एवढंच घेतलं. रुपचंदनं अर्धी गोळी घेतली आणि खाटेच्या कडेला बसून राहिला, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

भागाबाई त्याच्याजवळ जाऊन बसली. तिनं त्याचा हात हातात घेतला. नांगराचे घट्टे पडलेला हात. तिनं एकेक घट्टा बोटानं चाचपला आणि हा कुठला, तो कुठला, विचारत राहिली. तो सांगत राहिला. मग तिचं ऑपरेशन झालं ती रात्र त्यानं दवाखान्याच्या जिन्यात बसून कशी काढली, ते त्यानं सांगितलं. ते तिला कधीच माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, टाके अजून दुखतात का? नाही म्हणाली. मग त्यानं टाक्यांवर हात ठेवला, हलकेच, आणि तिथंच ठेवून राहिला. भागाबाईला रडू आलं. किती दिवस आपण एकाच घरात राहून परगावी होतो, असं तिला वाटलं.

पुढचं सांगण्याची गरज नाही. एवढंच सांगते की त्या दुपारी मधल्या खोलीत दोन म्हाताऱ्या व्हायला आलेल्या माणसांना परत आपापला माणूस सापडला, आणि भागाबाईच्या मनातली ती पोकळ बाई कायमची निघून गेली. दोघं घामानं चिंब झाली होती. लाइट गेलेली, पंखा बंद. रुपचंदचं तोंड लाल झालेलं बघून ती म्हणाली, "दखा, नवरदेव लाजी ऱ्हायना." त्यानं तिच्या गालाला चिमटा काढला.

आणि तेवढ्यात बाहेरून आबांची हाक आली. "रुपा! ओ रुपा! गाय सुटनी रे!"

रुपचंद दचकून उठला तो एकदम. बंडी अडकवली, दार उघडून तसाच उन्हात पळाला. पोटात नीट अन्न नाही, अंगातलं पाणी घामानं गेलेलं, वर ती गोळी. लिंबापर्यंत गेला आणि त्याच्या डोळ्यांपुढे अंधेरी आली. छातीवर हात दाबून तो खाली बसला आणि बसल्या बसल्या आडवा झाला.

भागाबाई धावत बाहेर आली. आबा आधीच पोचले होते. रुपचंदचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं. समोरून आबांची बायको, प्रमिला अक्का, पाण्याचा तांब्या घेऊन आली. गल्लीतली दारं उघडली, चार-सहा बाया, दोन-तीन माणसं गोळा झाली.

"काय व्हयनं रे रुपा? छातीमा दुखस का?"

"धडधड... चक्कर यी ऱ्हायनी," रुपचंद पुटपुटला.

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना स्वतःचा झटका आठवला असणार. त्यांनी खिशातून डबी काढली, झाकण उघडलं, एक गोळी चिमटीत धरली.

"घाबरू नको. हाईच मन्हं दुखनं शे. तोंड उघाड, जीभ वर कर."

रुपचंदनं डोळे उघडले. गोळी पाहिली. त्याला समजलं, इतकी शुद्ध त्याला होती. त्यानं ओठ मिटले आणि मान हलवली. आबांना वाटलं, लेकरासारखा हट्ट करतोय. "आरे, उघाड ना बापा! मरसी का?" बोलता बोलता आबा रडायला लागले. वडील गेल्यावर ह्याच भावाला त्यांनी खांद्यावर वाढवलं होतं.

मग रुपचंदनं बायकोकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते भागाबाईला स्वच्छ वाचता आलं. सांगू नको. मोठ्या भावासमोर, अक्कासमोर, सगळ्या गल्लीसमोर नको. आणि अहो, त्या माणसानं, लाजेपायी, नको नको म्हणत असलेलं तोंड हळूहळू उघडलं! मेलो तरी चालेल पण हे कळायला नको. पुरुषांच्या अब्रूला आग लागो!

भागाबाईच्या डोक्यावर पदर होता. हनुवटीपर्यंत होता. तिनं भिंत शोधली, सवयीनं. अंगणात भिंत कुठली? "म्हना..." असं तिच्या तोंडून निघालंही, पण कुणाचं लक्ष नव्हतं, आणि आबांची चिमटी रुपचंदच्या जिभेपासून वीतभरावर आली होती.

तिनं पदर मागे टाकला आणि जेठाचं मनगट धरलं. घट्ट.

"आबा! ती गोळी देऊ नका!"

 आबा तिच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. वाटलं असेल, ही कोण बाई?

"त्यास्नी दुसरी गोळी खायेल शे. तिन्हावर हाई गोळी दिधी ते जीव जाई. जळगावना डॉक्टरनी सांगेल शे."

"कोनती गोळी?"

भागाबाईचं तोंड तापलं. गल्लीतल्या साऱ्या बाया बघत होत्या. ह्यातली एकेक उद्या पाणवठ्यावर काय काय बोलेल ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

"नवरा-बायकोनी गोळी शे ती, आबा," ती म्हणाली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी बी आते तठेच व्हतू. लाज माले शे, जीव त्यास्ना शे. डबी बंद करा."

कुणीतरी बाई फिसकन हसली. प्रमिला अक्कानं मागे वळून तिच्याकडे असं बघितलं की ते हसू जागच्या जागी विझलं.

आबांनी गोळी डबीत टाकली. झाकण लावलं. आवाज खणखणीत. "जीप आना रे कोनी! बघी काय ऱ्हायनात?" मग भागाबाईकडे वळून, भिंतीशी नाही, तिच्याशीच बोलले, "आते काय करानं, सांग."

"सावलीमा आडवं ठेवा. पाय वर करा. उठाडू नका," ती म्हणाली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण चक्कर आलेल्या माणसाला आणखी काय करणार? आबांनी भावाचे पाय आपल्या मांडीवर घेतले, आणि जीप येईपर्यंत तसेच धरून बसले.

एरंडोलच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं छातीवर हात धरलेला माणूस बघून नर्सला काही सांगायच्या आत भागाबाईनं त्याला अडवलं. कोणती गोळी, किती, कधी, सगळं घडाघडा सांगून टाकलं. एकदा लाज मोडली की दुसऱ्यांदा सोपं जातं. डॉक्टरनं मान हलवली. बीपी घेतलं, अगदी खाली गेलं होतं. पट्टी काढली. सलाइन लावलं.

"पट्टी चांगली आहे," बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "ऊन, घाम, रिकामं पोट, एकदम उठणं, त्यात ती गोळी. म्हणून बीपी उतरलं. येतंय वर. पण मावशी, ती जिभेखालची गेली असती ना... आणि तुम्ही मला सांगितलं नसतं तर मीही कदाचित तीच दिली असती." त्यानं वाक्य तिथंच सोडलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेला.

 भागाबाई खाटेजवळ बसली. रुपचंदच्या तोंडावर रंग येत होता. त्यानं डोळे उघडले.

"बठ्ठासमोर सांगी दिधं तू," तो म्हणाला.

"दिधं."

"आते गावमा तोंड कसं दखाडू?"

"मुडदा दखाडाना पेक्षा तोंड दखाडा," ती म्हणाली आणि तिचा हुंदका फुटला. तिला वाटलं, हा आता चिडेल. पण त्यानं सलाइन नसलेला हात पुढे करून तिचा दंड धरला आणि सोडलाच नाही. नर्स आली तरी सोडला नाही. तसाच झोपून गेला.

तो झोपल्यावर ती बाहेर व्हरांड्यात आली. ऊन कलतं झालं होतं. एका टोकाच्या बाकावर प्रमिला अक्का बसली होती, नेहमीसारखी आबांपासून लांब. दुसऱ्या टोकाला आबा, खांबाला टेकून उभे. भागाबाईला बघून ते जवळ आले. तिचा हात सवयीनं पदराकडे गेला.

"ऱ्हावू दे," आबा म्हणाले. "तोंड दखी लिधं मी तुन्हं. चांगलं शे." आणि मग घसा खाकरून, आवाज अगदी उतरवून, "भागा, एक विचारू? दुसरा कोनले विचारता येस नई."

"विचारा ना, आबा."

आबांनी इकडे तिकडे बघितलं. गावचा पोलीस पाटील राहिलेला माणूस, ज्याच्या खाकरण्यानं गल्ली चूप व्हायची, तो धोतराचा सोगा बोटांत पिळत उभा होता. "ती गोळी... छातीवालाले चालस का?"

भागाबाईला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा तिला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

"नई, आबा," ती हळूच म्हणाली. "तुम्ही ती जिभेखालनी खातस. तुम्हले अजिबात चालस नई. कोनी दिधी तरी लेवू नका. जळगावना डॉक्टरले विचारा, काय करता येई ते तो सांगी. जाशात तव्हय अक्काले आत लई जा, बाहेर बसाडू नका."

आबांनी मान हलवली. 

"झटका उना तैपासून डॉक्टर म्हने, जपा. मंग मी जपी ऱ्हायनू. ती बी जपी ऱ्हायनी माले. जवळ बसाले बी दोन्ही जन भ्याव खातस. प्रमिलाना हात सुद्धा धरा नई मी तैपासून."

"हात धराले कोनती गोळी लागस, आबा?"

 आबांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. मग व्हरांड्याच्या त्या टोकाला गेले. नवरा येताना पाहून प्रमिला अक्का पदर सावरत उठायला लागली, त्यांना बसायला जागा म्हणून बाकाच्या पार कडेला.

"बस," आबा म्हणाले. "सरकू नको."